हॉलवाले काका

अमेरिकेचा इतिहास आजवर एकाच माणसाला नीट समजला, आणि तो माणूस सोलापूरचा होता, असे माझे प्रामाणिक मत आहे. विद्यापीठांतील प्राध्यापकांचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी जाडजूड ग्रंथ वाचले असतील, लिहिलेही असतील. परंतु मॅसॅच्युसेट्समधल्या गिरणगावांतील प्रत्येक जुन्या सभागृहाच्या तळघरात डोकावलेला, त्याच्या जमिनीवर टाच आपटून लाकूड कोणते हे सांगणारा, आणि ते सभागृह कोणत्या देशाहून आलेल्या लोकांनी, कोणत्या कारखान्यातून सुटल्यावर आणि आपसांत कोणत्या कारणावरून भांडून बांधले, हे तहानभूक विसरून ऐकत बसणारा दुसरा इतिहासकार निदान माझ्या पाहण्यात नाही. श्रूजबरीच्या आणि आसपासच्या मराठी मंडळींत त्यांना सगळे ‘हॉलवाले काका’ म्हणत. त्यांचे खरे आडनाव कित्येकांना ठाऊकच नव्हते. आमच्या घरच्या टेलिफोनच्या वहीत ते ‘ह’ या अक्षराखाली होते, आणि त्यांच्या पत्नी, ज्यांचा हॉलशी काडीचाही संबंध नव्हता, त्यासुद्धा ‘हॉलवाल्या काकू’ म्हणून तेथेच होत्या.

मी लग्न होऊन श्रूजबरीला आले ती ऐंशीच्या दशकाच्या आरंभी. त्या काळी तेथील मराठी मंडळाला स्वतःची अशी चार भिंतींची जागा नव्हती. गणपती, दिवाळी, संक्रांत, प्रत्येक वेळी एखादे सभागृह भाड्याने घ्यावे लागे, आणि ते शोधून काढण्याचे काम अनेक वर्षांपूर्वी कोणीतरी काकांच्या गळ्यात घातले होते. काका व्यवसायाने इंजिनीअर. शेजारच्या वूस्टर शहरात धार लावण्याची चाके बनवणारा एक कारखाना होता, तेथे त्यांची चांगली नोकरी होती. पण नोकरी हा त्यांच्या लेखी दोन हॉल पाहण्यांमधला सक्तीचा वेळ होता. सोलापुरात ते गिरणीच्या चाळीत वाढले. एका जिन्यावर तेलुगू, दुसऱ्या जिन्यावर कानडी आणि अंगणात उर्दू ऐकत मोठे झालेल्या माणसाला वूस्टरमध्ये परके असे काही वाटलेच नाही. तेथेही गिरण्या होत्या, तेथेही भोंगे वाजत, आणि तेथेही प्रत्येक गल्लीत वेगळ्या भाषेत आई मुलाला जेवायला हाका मारून गेलेली होती. त्यांचा सगळा सिद्धान्त यातूनच निघाला. तो त्यांनी मला पहिल्याच भेटीत, मी नको नको म्हणत असताना तिसरी पोळी वाढत, ऐकवला होता.

“हे बघ, लोक येतात. गिरणीत लागतात. आधी देऊळ बांधतात, मग हॉल बांधतात. हॉलमध्ये लग्नं होतात, नाटकं होतात, मारामाऱ्या होतात. मग पोरं इंग्रजी बोलायला लागतात, शिकतात आणि लांब राहायला जातात. मग एक दिवस तो हॉल भाड्यानं मिळायला लागतो, आणि आपण गणपती घेऊन आत शिरतो. संपला अमेरिकेचा इतिहास! ह्याच्यापुढं परीक्षेला काही येत नाही.”

त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी तेथेच बसली होती. ती म्हणाली, “डॅड, इट्स जस्ट अ हॉल.” त्यावर काका माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहून म्हणाले, “बघितलंस? पोरं इंग्रजी बोलायला लागली.”

हॉल पाहून आल्यावर मंडळाच्या बैठकीत ते जो वृत्तान्त सांगत, तो ऐकण्यासारखा असे. निर्णय घेण्यासारखा मात्र क्वचितच असे. मंडळाचे अध्यक्ष नागपूरचे एक डॉक्टर होते. माणूस मोकळा, मोठ्या आवाजाचा आणि घाईचा. ते विचारीत, “काका, किचन कसं आहे?” काका सांगत, “स्वीडिश लोकांनी बांधलाय हॉल. सगळे आमच्याच कारखान्यातले. मालकानं तिकडून बोलावून आणले होते.” “ते समजलं हो. गॅस आहे का इलेक्ट्रिक?” “त्यांच्यात दोन तट होते. एक चर्चवाले, एक नाटकवाले. म्हणून दाराला दोन जिने आहेत, एकमेकांचं तोंड बघायला नको.” “अहो पण पार्किंग?” “त्या वेळी कुणाकडं गाड्या होत्या, डॉक्टर?” अध्यक्ष कपाळाला हात लावत आणि म्हणत, “काका, तुम्ही हॉल पाहायला जाता का सोयरीक जमवायला जाता, ते एकदाचं सांगून टाका न!”

परिणामी आमच्या मंडळाचे उत्सव ज्या ज्या ठिकाणी झाले, त्यांची आठवण काढली की अजूनही हसू येते. एका वर्षी लिथुआनियन लोकांच्या क्लबात गणपती बसला. खाली तळघरात त्यांची बोलिंगची गल्ली होती, हे काकांनी सांगितले नव्हते, कारण त्यांना ते फार आवडले होते. आरती ऐन रंगात आली की खालून लाकडी पिना धडाधड कोसळत. लहान मुलांना तो आरतीचाच भाग वाटला, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या हॉलमध्ये ती विचारू लागली, “व्हेअर इज द थंडर?” आयरिश लोकांच्या हॉलमध्ये तर, बाजूच्या खोलीत बिअर पीत बसलेले एक वृद्ध गृहस्थ आरती सुरू होताच तिला आमचे राष्ट्रगीत समजून टोपी काढून, छातीवर हात ठेवून उभे राहिले. आमच्याकडे एका आरतीवर कधी भागत नाही. मंत्रपुष्पांजली संपेपर्यंत त्या गृहस्थांनी हात खाली घेतला नाही. काकांचे डोळे भरून आले होते. प्रसाद घेऊन ते आधी त्यांच्याकडे गेले आणि तासभर परत आले नाहीत. आले ते आयर्लंडमधला बटाट्याचा दुष्काळ घेऊनच.

हे सगळे हसण्यावारी जाई, पण काकांच्या मनात एक गोष्ट होती आणि ती हसण्याची नव्हती. त्यांना आपला हॉल हवा होता. कारखान्यातल्या आलेखाच्या कागदावर त्यांनी त्याचा नकाशा काढून ठेवला होता. रंगमंच, लेझीम खेळता येईल अशी मेपलच्या लाकडाची जमीन, पुरण वाटायला प्रशस्त ओटा, आणि दाराशी बर्फाने माखलेल्या बुटांसाठी स्वतंत्र खोली. दर दोन-तीन महिन्यांनी ते नकाशात काहीतरी खोडत आणि नव्याने काढत. मी एकदा भीत भीत म्हणाले की, भाड्याच्या जागेतही आपले बरे चालले आहे. काकांनी नकाशाची घडी घातली. मग म्हणाले, “गणपती पाहुणा असतो, ते ठीक आहे. पण यजमानानंही दर वर्षी पाहुणंच असावं, हे बरं नव्हे.”

अशा माणसाच्या आयुष्यात फिनलंड आले ते वासावरून. एका शरद ऋतूत, दिवाळीसाठी जागा पाहत ते वूस्टरच्या एका उताराच्या गल्लीतून चालले असताना त्यांना वेलदोड्याचा वास आला. वेलदोडा, आणि तूप तापल्यासारखे काहीतरी. त्या सुमारास आमच्या मंडळातले काही लोक रुसले होते आणि वेगळे मंडळ काढणार अशी कुजबुज होती. दोन मराठी कुटुंबे एका गावात आली की मंडळ स्थापन होते आणि तिसरे आले की ते फुटते, हे काकांना पक्के माहीत होते. फुटीर लोकांनी गुपचूप हॉल घेऊन शिऱ्याचा घाट घातला आहे, अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी धाडकन दार ढकलले आणि मराठीत आवाज टाकला, “कोण आहे रे आत? सापडलात की नाही!”

आत एक उंच, वाकलेले वृद्ध गृहस्थ आणि पांढऱ्या वेणीची एक बाई भट्टीतून पाव काढत होती. गृहस्थ अर्वो, बाई हिल्मा. दोघेही फिनिश लोकांच्या त्या जुन्या सभागृहाचे सभासद. शनिवारी दुपारी उरलेसुरले सभासद तेथे जमत आणि वेलदोडा घातलेला, वेणीसारखा विणलेला गोड पाव कॉफीबरोबर खात. अर्वोंनी काकांकडे नीट पाहिले, एक खुर्ची पुढे सरकवली आणि कॉफी ओतली. काय झाले, तुम्ही कोण, असे कोणीच विचारले नाही. काका सायंकाळी घरी आले ते तो पाव तान्ह्या मुलासारखा हातांवर घेऊन. काकू म्हणाल्या, “दिवाळीच्या हॉलचं काय झालं?” काका म्हणाले, “अगं, ते वेलदोडा घालतात! गव्हाच्या पावात! उत्तर ध्रुवाच्या शेजारी राहणारी माणसं!” त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, असे काकूंनी मला सांगितले.

तो हॉल भाड्याने मिळत नसे. फक्त सभासदांना वापरता येई. काकांनी या अडचणीतून मार्ग काढला, तो म्हणजे ते सभासद झाले. अर्वोंनी सगळ्यांना विचारले, कोणी हरकत घेतली नाही. फिनिश माणूस हरकत घेण्यापुरतेही बोलत नाही असे काका म्हणत. वर्षभरात त्यांच्या संस्थेला नवा अध्यक्ष हवा होता. बाकीच्यांपैकी काहींना ऐकू येत नव्हते, काहींना दिसत नव्हते, आणि शिडीवर चढून दिवा बदलू शकणारा तर एकच सभासद होता. अशा रीतीने सोलापूरच्या गिरणीतल्या कारकुनाचा मुलगा फिनिश लोकांच्या संस्थेचा अध्यक्ष झाला. काकांनी त्या दिवशी कोट घातला होता आणि गळ्याला टाय होता. आमच्या अध्यक्षांना ही बातमी कळली तेव्हा ते म्हणाले, “आता इमिग्रेशनवाले तरी काय करतील, सांगा! इंडियातून आला आणि फिनिश होऊन बसला!”

काकांमुळे आमची दिवाळी काही वर्षे तेथे झाली, आणि इतकी चांगली जागा आम्हाला पूर्वी कधी मिळाली नव्हती. रंगमंचावर त्यांच्या पूर्वीच्या नाटकांचा रंगवलेला पडदा होता: निळे तळे आणि पांढऱ्या खोडांची झाडे. आमच्या मुलांच्या नाटकातले मावळे सह्याद्रीऐवजी त्या फिनिश झाडांमागून ‘हर हर महादेव’ करीत बाहेर आले, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या हिल्माबाईंनी, या पडद्यामागून इतक्या वर्षांत असे कोणी बाहेर आले नव्हते, असे सांगून टाळ्या वाजवल्या. तळघरात त्यांचे बाष्पस्नानाचे लाकडी दालन होते. ते पाहून काकू कितीतरी वेळ विचारात उभ्या होत्या. शेवटी हळूच मला म्हणाल्या, “एवढी वाफ आहे, तर सगळ्या मंडळाचे उकडीचे मोदक एका दमात होतील गं!” काकांनी तो विषय सभेपुढे आणला नाही, एवढी कृपा.

मग छप्पर गळू लागले. तळघरातले तेलाचे बॉयलर एका जानेवारीत बंद पडले. संस्थेचे सभासद थकत चालले होते, आणि हॉल विकावा की ठेवावा हा प्रश्न निघाला. बातमी आमच्या मंडळापर्यंत पोहोचायला एक दिवसही लागला नाही. अध्यक्ष त्याच संध्याकाळी काकांच्या घरी आले. मी आणि माझे यजमान तेथे जेवायलाच होतो. अध्यक्ष बूटसुद्धा न काढता म्हणाले, “काका, योग आला! आपण घेऊ. सगळे तयार आहेत. तुम्ही तिकडचे प्रेसिडेंट, इकडचे हॉलवाले. तुमच्या एका शब्दावर आपल्याला घर मिळतं.” काका हसले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. ते उठून आत गेले आणि तो नकाशा घेऊन आले. दोघे डोक्याला डोके लावून बसले. पडदा ठेवायचा की नाही, एवढ्यावरूनच काय तो वाद झाला. मी काकांना इतके आनंदी कधी पाहिले नव्हते. पोळी हातात धरून ते खायचे विसरले होते.

संस्थेची सभा नोव्हेंबरातल्या एका रविवारी होती. काकूंना कॉफी करायला मदत म्हणून मीही गेले होते, म्हणून जे झाले ते मी स्वतः पाहिले. काकांनी आरंभीच उभे राहून सांगितले, की घेणारे लोक माझेच आहेत, तेव्हा मी या खुर्चीवर बसणे योग्य नाही. अर्वो म्हणाले, “मग शिडीवर कोण चढणार?” आणि तो मुद्दा तेथेच संपला. अर्वोंचे मत विकावे असेच होते, आणि आम्हालाच. ते थांबत थांबत म्हणाले, “आमची मुलं कॅलिफोर्नियाला असतात. यांच्याकडे लहान मुलं आहेत. हॉलला लहान मुलं लागतात.” हिल्माबाई मांडीवरच्या हातांकडे पाहत होत्या. त्यांना कोणी बोला म्हटले नव्हते. त्या एवढेच म्हणाल्या, “मग शनिवारी मी कुठे जाऊ?”

हात वर झाले. अर्धे एका बाजूला, अर्धे दुसऱ्या. नियम असा होता, की मते समसमान झाली तरच अध्यक्षाने आपले मत द्यायचे. सगळे काकांकडे पाहू लागले. काकांनी छताकडे पाहिले, जेथे गळतीचा पिवळा डाग होता. मग रंगमंचावरच्या तळ्याकडे पाहिले. मला वाटते, त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर त्या जमिनीवर लेझीम चालली असावी. मग ते खाकरले आणि म्हणाले, “विकायचा नाही.” आवाज इतका बारीक, की ऐकू न येणाऱ्यांसाठी अर्वोंना तो मोठ्याने पुन्हा सांगावा लागला.

घरी येताना गाडीत, श्रूजबरी आले तेव्हा, काकू म्हणाल्या, “मंडळात आता तुम्हाला कच्चा खातील.” थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, “खाऊ देत.”

मंडळाने खाल्लेच. अध्यक्षांना राग आला होता, पण त्याहून अधिक ते दुखावले होते. भर बैठकीत ते म्हणाले, “काका, तुम्ही आमचे का त्यांचे? आमची पोरं शाळेच्या कॅफेटेरियात दिवाळी करतील, तिथला झाडूवाला खुर्च्या उचलत मागे उभा राहील, आणि तुम्ही एका म्हातारीच्या कॉफीसाठी हॉल घालवला!” काका सगळे ऐकून घेत होते. मग एवढेच म्हणाले, “डॉक्टर, आपले लोक अजून येतायत. दर वर्षी विमानातून उतरतायत. आपल्याला हॉल मिळेल, आज नाही तर दहा वर्षांनी. त्यांचे येणारे लोक संपले.” एवढ्याने कोणाचा राग गेला नाही. हॉल शोधण्याचे काम एका समितीकडे देण्यात आले. समितीने पहिल्याच वर्षी उत्तम पार्किंग असलेले शाळेचे सभागृह घेतले. ते कोणी बांधले, हे समितीतल्या कोणालाही सांगता आले नाही. काका त्या गणपतीला आले, मागच्या रांगेत बसले, आरती म्हटली, आणि जाताना अभावितपणे जमिनीवर टाच आपटून पाहिली. लिनोलियम होते. आवाज आला नाही.

फिनिश हॉल पुढे दोन हिवाळे चालला. दुसऱ्या हिवाळ्यात अर्वो गेले, आणि त्यानंतर हिल्माबाई पडल्या, त्यांचे कंबरेचे हाड मोडले आणि त्यांना वृद्धांच्या शुश्रूषागृहात ठेवावे लागले. हॉल विकला गेला, आणि तोही आम्हाला नाही. त्या वर्षी आमच्या मंडळाची तेवढी तयारी नव्हती; तो फरश्या विकणाऱ्या कोणा व्यापाऱ्याने घेतला. हातचा हॉल काकांनी घालवला, असे आमच्यातले काही लोक अजूनही म्हणतात. काकांनी स्वतः या विषयावर कधी चकार शब्द काढला नाही. नकाशाचे काय झाले, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

पण एका शनिवारी दुपारी काकूंना बरे नव्हते म्हणून त्यांच्याऐवजी मला काकांबरोबर जावे लागले. कुठे जायचे हे त्यांनी सांगितले नाही, फक्त गाडीत थर्मास होता आणि एक कापडात गुंडाळलेला डबा होता. शुश्रूषागृहाच्या लांबलचक व्हरांड्याच्या टोकाशी, खिडकीजवळ चाकांच्या खुर्चीत हिल्माबाई बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला पाहून मान हलवली. काकांनी कॉफी ओतली, डब्यातून पाव काढला आणि कापला. तो काकूंनी घरी केला होता; वेणी जरा वाकडी आली होती. मग दोघे बसले. मी सभ्यपणा म्हणून हवेविषयी काहीतरी बोलले, ते कोणी पुढे नेले नाही. आयुष्यभर ज्यांच्या तोंडाला खीळ नव्हती ते काका खिडकीबाहेरच्या बर्फाकडे पाहत गप्प बसले होते, आणि ते गप्प बसणे त्यांना इतके साधले होते, की ते त्यांनी कोणाकडून तरी शिकून घेतले असावे.

एक नवीन परिचारिका औषध घेऊन आली. सावळ्या रंगाच्या, टाय लावलेल्या या गृहस्थांना तिने पूर्वी पाहिले नसावे. तिने हिल्माबाईंना मोठ्याने विचारले, “हे कोण तुमचे? फॅमिली का?”

हिल्माबाईंनी कप खाली ठेवला. घोट गिळायला त्यांना वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, “हे आमचे प्रेसिडेंट.”

परिचारिका मायेने हसली आणि निघून गेली. म्हातारीच्या डोक्यात काहीबाही येते असे तिला वाटले असणार. काकांनी टायची गाठ सारखी केली आणि हिल्माबाईंच्या कपात आणखी थोडी कॉफी ओतली. आम्ही तेथे अंधार पडेपर्यंत बसलो.